ओवाळणीचा डबा

हिंगणघाटहून आदिलाबाद एसटीने साडेतीन तासांवर आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी जी कारणं सांगेन ती वाचकाला या साडेतीन तासांच्या मापाने मोजता येतील. माझी थोरली बहीण विमलताई त्या जिल्ह्यात, पैनगंगेच्या पलीकडच्या एका गावात राहते, आणि मी अकरा वर्षं तिच्याकडे गेलो नव्हतो.

माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळीत दुकान बंद ठेवता येत नाही, असं मी ताईला दर वर्षी फोनवर सांगायचो. भाऊबीजेला माझ्याऐवजी एक डबा जायचा. पेढ्यांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात तिच्यासाठी साडीचा तुकडा आणि खाली दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं. ताई कापूस वेचते. वेचणीत दिवसभर वाकून कंबर धरते, गुडघे धरतात. पहिल्या वर्षी तिनेच मागितल्या होत्या. पुढे संक्रांतीला डबा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डबा. आदिलाबादच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे तो द्यायचा, भाऊजी फाट्यावर उभे राहून उतरवून घ्यायचे. गोळ्यांची खोकी डब्यात मावत नसत, म्हणून मी पाकिटं बाहेर काढून खोकी रद्दीत टाकायचो. त्या खोक्यांत बारीक अक्षरातली घडी घातलेली चिठ्ठी असते. ही गोळी फार दिवस घेऊ नये, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असं त्यात लिहिलेलं असतं. मी ती वाचलेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी डबा पाठवणं बंद केलं आणि का बंद केलं ते कोणालाही सांगितलं नाही. दिवाळीत मात्र निघालो.

पैनगंगा ओलांडताना

पाडव्याच्या पहाटे हिंगणघाटच्या स्टँडवर गाडी लागली. ड्रायव्हर ओळखीचे निघाले. माझ्या हातात नागपुरी संत्र्यांची पिशवी बघून म्हणाले, "आज डब्बा नाई का, मेडिकलवाले?"

"आज मीच जाऊन राहिलो."

"मंग तर तिकीट लागते," ते म्हणाले. "डब्ब्याले नव्हतं लागत."

पांढरकवडा मागे पडलं, पुढे सागाची झाडं दाट झाली, मग दोन्ही बाजूंनी कापसाने पांढरं झालेलं शिवार. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे मराठी पाटी, पलीकडे तेलुगू. कापूस मात्र तसाच, वेचणाऱ्या बायकांचे ओटे, कमरेला बांधलेल्या कापसाच्या झोळ्या, त्याही तशाच पोटाशी फुगलेल्या. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मुधोळचे होते, पाहुण्यांकडून परतत होते. त्यांनी मला त्या दिवसांतली तिकडची मोठी बातमी सांगितली. दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली होती. एकाचे चार झाले. त्यांचं मुधोळ आता निर्मल जिल्ह्यात गेलं होतं.

"पहिले निझामाचे होतो, मंग आंध्राचे झालो, मंग तेलंगणाचे," ते म्हणाले. "आता निर्मलचे. आमी घरातून उठलो बी नाई, बसल्या जागी एवढा प्रवास झाला."

ते हसले, पण त्यांची काळजी खरी होती. त्यांची बायकोही डायलिसिसवर होती आणि आदिलाबादेतच यायची. आता जिल्हा वेगळा झाल्यावर तिला यापुढेही तिथे घेतील का, हे विचारायला ते अर्ज, त्यांच्या शब्दात दरखास्त, लिहून घेऊन चालले होते. दरखास्त मराठीत लिहिली होती, खाली सही तेलुगूत.

आदिलाबाद

सोमवार आणि गुरुवार हे ताईचे डायलिसिसचे वार. त्या वर्षी पाडवा सोमवारी आला, म्हणून मी गावात न जाता थेट दवाखान्यात गेलो. रस्त्यात निम्म्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता.

ताई खाटेवर होती. डाव्या हातातून दोन नळ्या यंत्राकडे गेलेल्या. चेहरा काळवंडलेला, पायाचे घोटे बारीक. मी ओळखायला एक क्षण लावला, तिने लावला नाही.

"आला का रे मधू," ती म्हणाली, आणि नर्सकडे वळून, "हा माया भाऊ. याचं हिंगणघाटले मोठं मेडिकल हाये. याले सगळं समजते."

मी संत्री पुढे केली. नर्सने पिशवीत डोकावून बघितलं आणि ती हसायलाच लागली. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही हसले. किडनीच्या माणसाला संत्री, केळी, शहाळं चालत नाही. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. ताईच्या घरी भाजीसुद्धा उकळून पाणी फेकून देऊन मग फोडणीला टाकतात. हे मला माहीत असायला हवं होतं. ज्याला सगळं समजतं त्या भावाची संत्री मग इतर रुग्णांच्या नातेवाइकांनी बाहेर पायरीवर बसून खाल्ली आणि गोड आहेत म्हणून येऊन सांगितलं.

त्या खोलीचं मला फार अप्रूप वाटलं. आजोबा बेल्लमपल्लीचे, कोळशाच्या खाणीत जन्म काढलेले. त्यांचा जिल्हा आता मंचिर्याल. बसमधल्या गृहस्थांची बायको, मुलाबरोबर आधीच आलेली, आता निर्मलची. ताई आदिलाबादची. बाहेर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या होत्या, पण यंत्रं इथेच होती, म्हणून या खोलीत अजून एकत्र कुटुंब नांदत होतं. आजोबा तेलुगूत बोलत, ताई मराठीत उत्तर देई आणि भांडण मीठ कोणी जास्त खाल्लं यावर चाले. दर वेळी यंत्राला लावण्याआधी वजन करतात. दोन वारांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं.

"कापसावानी मोजते आमाले," ताई म्हणाली. "ओला कापूस आणला का भाव पडते, अन् ओली बाई आली का डॉक्टरबाई वरडते."

डॉक्टरबाई म्हणजे डॉ. श्रावणी. वरंगलकडच्या, पस्तिशीच्या आसपास. मराठी त्यांनी या खाटांवरच्या बायकांकडूनच शिकलेली, त्यामुळे चष्मा लावलेली ही उच्चशिक्षित बाई "काऊन जी, पाणी जास्ती पेल्या ना?" असं विचारायची, तेव्हा ऐकत राहावंसं वाटे. मुधोळच्या गृहस्थांची दरखास्त त्यांनी वाचली नाही, वाचता येत नव्हती. "गुरुवारी बी आणा बाईले, जिल्ह्याचं मी पाहून घेईन," एवढं म्हणाल्या. गृहस्थ कागद तसाच धरून उभे राहिले.

मला त्यांनी व्हरांड्यात नेलं. औषधांचा माणूस भेटला म्हणून त्यांना बरं वाटलं होतं, आणि त्या उत्साहाने बोलू लागल्या. किडनी फार सोशिक असते, त्या म्हणाल्या. निम्म्याहून जास्त जाईपर्यंत तक्रार करत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. पण लघवीत थोडीशी प्रथिनं उतरू लागतात ती बरीच आधी, आणि ती शोधणं सोपं असतं. तेव्हा सापडलं तर रक्तदाबाच्याच काही जुन्या गोळ्या किडनीला पुष्कळ वर्षं सांभाळतात. मधुमेहासाठी निघालेली एक नवी जात आहे, तीही किडनीला धरून ठेवते की काय, असं वाचनात येऊन राहिलं म्हणाल्या. त्या वेळी ती नुसती कुणकुण होती. आज त्या गोळ्या माझ्या कपाटात असतात, आणि ज्यांना मधुमेह नाही अशा किडनीच्या रुग्णांसाठीही डॉक्टर त्या लिहून देतात. त्या व्हरांड्यात मी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल ऐकलं.

"पण मले एक समजून नाई राहिलं," त्या म्हणाल्या. ताईच्या गावात त्या एका रविवारी स्वतः जाऊन आल्या होत्या. ताईसोबत वेचणीला जाणाऱ्या बायकांपैकी दोघींचं रक्त चांगलं नव्हतं. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. आंध्रच्या किनाऱ्याकडे, श्रीलंकेत, पार मध्य अमेरिकेत उसाच्या फडांवर राबणाऱ्यांत असाच आजार दिसतो. ऊन, कमी पाणी, फवारणी, जमिनीतलं पाणी, कशाकशावर संशय आहे. "मी सगळ्यायले विचारलं, दुखण्याची औषधं घेता का? सगळ्या म्हणे नाई. एक बी नाई घेत."

मी सगळ्या बायकांना नव्हे, पण एका बाईला अकरा वर्षं गोळ्या पाठवल्या होत्या. ताईने नाही का सांगितलं? मला वाटलं, तिने मला वाचवलं. दुकानाचा परवाना, भावाचं नाव. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "उन्हाचंच असेल." आणि आत जाऊन ताईच्या पायाशी बसलो.

ताईचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. त्या बायकांना विचारलेलं नाही.

दुपारी ताईला घेऊन ऑटोने गावी पोचलो. भाऊजींनी अंगणात खाट टाकली, गडू भरून पाणी दिलं. ताईचा वेगळा गडू कोनाड्यात, पितळेचा, त्यावर वाटी पालथी. दिवसाचं तेवढंच पाणी, चहासुद्धा त्यातलाच. तहान फार झाली की ती एक लवंग दाढेखाली धरते. जेवायला ज्वारीची भाकरी, आमच्यासाठी अंबाडीची भाजी आणि ठेचा, तिच्यासाठी पाणी काढलेलं भोपळ्याचं फिकं कालवण. अंबाडीकडे ती माहेरच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. आमच्याकडे अंबाडीत तुरीची डाळ आणि कण्या पडतात. इथे तेलंगी पद्धतीने नुसती लाल मिरची आणि लसूण घालून परततात, जिभेला झिणझिण्या येतात. भाऊजी म्हणाले, "खा, खा. ताईच्या वाटची बी तुमीच खा."

वेचणी दिवाळीतही थांबत नाही. तिसऱ्या प्रहरी ताई मला शेतात घेऊन गेली. ती आता वेचत नाही, पण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्याशिवाय तिला करमत नाही. सात बायका ओळीने येत होत्या. चहाच्या सुट्टीला त्या बाभळीखाली आल्या. त्यांतली गंगूबाई, ताईची शेजारीण, मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हेच का हिंगणघाटचे मामा? कोणत्या दिशेनं उगवले बाप्पा! डब्बा बंद केला अन् सोता आले."

"रुसले होते," दुसरी म्हणाली.

"रुसले कायचे! दुकान मोठं झालं का बहीण लहान होते."

हशा झाला. मीही हसलो. मग गंगूबाईने गाठोड्यातून डबा काढला. माझाच. पेढ्यांच्या दुकानाचं कमळ झाकणावर झिजलेलं. तिने झाकण उघडलं, प्रत्येकीच्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला आणि त्यावर एक एक गोळी. देवाचा प्रसाद घ्यावा तसा उजव्या हाताखाली डावा हात धरून बायकांनी घेतला. भर उन्हातून आलेल्या, घामाने निथळलेल्या, सकाळपासून अर्धा तांब्याही पाणी न प्यायलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"मामाची गोळी," गंगूबाई म्हणाली. "इमलबाईनं पहिल्यापासून सगळ्यायले देल्ली. माहेरचा अहेर एकटीनं खावा का? आता तुमी बंद केला, तं आमी रिकामं पाकीट दाखवून बाजारातून आणतो. पण डब्बा हाच. डब्ब्यातली लागू पडते."

"डॉक्टरबाईंना का नाही सांगितलं?"

मी वेडा असल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "थ्या औषधाचं विचारत होत्या! आमी कायले औषध खातो? आमी का बिमार हावो? हा तं भाऊबीजेचा अहेर होय."

कोणी मला वाचवलं नव्हतं. कोणाला काही लपवायचं आहे हेच माहीत नव्हतं. ताईने सुद्धा सरळ मनाने नाही म्हटलं होतं. एका डॉक्टरने दोन खंडांतला आजार डोक्यात घेऊन या गावात यावं, नेमका प्रश्न विचारावा आणि सात जणींनी खरं उत्तर द्यावं, तरी ते चुकीचं ठरावं. ते चुकीचं होतं हे त्या शिवारात फक्त मला ठाऊक होतं. मी तिथे उभा होतो आणि त्या गूळ चघळत होत्या. मी तेव्हाही बोललो नाही.

भाऊबीज

सकाळी ताईने अंगणात पाट मांडला. मी पाटावर बसायच्या आधी म्हणालो, "ताई, ओवाळू नको. आधी ऐक."

मी सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, खोकी रद्दीत टाकल्याचं सांगितलं, उन्हाळ्यात डबा का बंद केला ते सांगितलं. भाऊजी बैलाला चारा टाकता टाकता थांबले. ताई ताट हातात धरून उभी होती. निरांजन पेटलेलं होतं, ती ते वाऱ्यापासून तळहाताने झाकत होती.

"म्हणजे मायी किडनी त्या गोळीनं गेली?" तिने विचारलं.

"मला वाटतं, हो."

"तुले वाटते. डॉक्टरबाईले काय वाटते?"

"त्यांना मी सांगितलंच नाही."

ती खाली बसली. मी तिच्या रागाची वाट बघत होतो. खरं लिहायचं तर मला तो हवा होता. तिने रागवावं, मी रडावं, आणि ओझं उतरावं. राग आलाही, पण भलत्याच दाराने.

"जिले भाऊ नसते थे चंद्राले ओवाळते," ती म्हणाली. "मले तं भाऊ हाये. मंग चंद्राले कशी ओवाळू? म्हणून अकरा वर्सं मी याच पाटावर डब्बा ठेवला अन् डब्ब्याले ओवाळलं. कुंकू लावलं त्याले. गंगू हासे मले. गोळीनं किडनी गेली का उन्हानं गेली, थे डॉक्टर पाहीन. पण तू काऊन नाई आला रे मधू? तीन घंट्याचा तं रस्ता."

साडेतीन, असं माझ्या तोंडावर आलं. दुकान बंद ठेवता येत नाही, हे वाक्य मी तिच्यासमोर उच्चारू शकलो नाही. मग तिने माझा हात ओढला आणि माझी बोटं आपल्या डाव्या मनगटावर ठेवली. डायलिसिससाठी तिथे शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या असतात. कातडीखाली सारखी घरघर लागली होती, दूर कुठे जातं फिरावं तशी.

"पाह्य," ती म्हणाली. "चालू हाये अजून. बस पाटावर."

उजव्या हाताने तिने मला ओवाळलं. डाव्या हातात जड काही धरायचं नसतं; ताट भाऊजींनी खालून सावरलं. मी पैशांच्या पाकिटासाठी खिशात हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "थे नको. ओवाळणी मी मागीन थे दे. चल मायासंगं. साती घरी जाऊ. तुया तोंडानं सांग."

आधी मी डॉ. श्रावणींना फोन केला. त्यांनी गोळीचं नाव आणि दिवसाला किती ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आता मायी वही नव्यानं लिहा लागीन." आणि पुढे, "एक सांगू का जी? सगळं आपल्याच डोक्यावर घेऊ नका. ऊन हाये, पाणी हाये, गोळी हाये, कोणाचं किती, मले अजून माहीत नाई. तुमी एकटेच गुन्हेगार ठरले तं बाकीचं कोण शोधीन?" माझ्यावर इतकं अवघड दडपण त्याआधी कोणी आणलं नव्हतं. गुन्हा कबूल केला आणि शिक्षा मिळाली नाही, काम मिळालं.

पहिलं घर गंगूबाईचं. मी सांगितलं. तिने डबा आतून आणला, उघडून बघितला, पुन्हा बंद केला आणि माझ्या हातात दिला. "गूळ मायाच होता," ती म्हणाली. "तेवढा काढून घेते." तिने गूळ काढून घेतला. मग म्हणाली, "बाजारातली बी नको का?" मी म्हणालो, बाजारातलीही नको. "मंग कंबर दुखली तं?" शेक, विसावा, सावलीत घागर ठेवून तासातासाला पाणी, आणि खरंच नकोसं झालं तर डॉक्टरबाईला विचारून गोळी, असं म्हणालो. "विसावा," ती म्हणाली, "थो कोण्या डब्ब्यात येते?"

तरी गुरुवारी ताईच्या ऑटोत ती आली, आणि बाकीच्या सहा जणी मागच्या ऑटोने. गंगूबाईच्या लघवीत प्रथिनं सापडली. लवकर सापडली. ती अजून वेचणीला जाते, रोज एक गोळी घेते, आणि ती औषध आहे असं विचारल्यावर सांगते. आता दर भाऊबीजेला दुकानाला कुलूप असतं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. तिकडे पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय बोलू देत नाहीत. प्रत्येक घरी आधी तांब्या यायचा, दोन पेले, एक मला, एक ताईला. ती पेला हातात घ्यायची, नको म्हणून घरमालकिणीचा मान मोडायची नाही, आणि मी बोलत असेपर्यंत धरून बसायची. लवंग दाढेखाली. सातव्या घरी पोचलो तोवर ऊन चढलं होतं, मातीच्या घागरीचं पाणी होतं, पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं. माझं बोलून झालं. घरची बाई पदर तोंडाला लावून बसली होती. ताईने आपल्या पेल्यात क्षणभर पाहिलं आणि तो माझ्यापुढे केला.

"माया वाट्याचं बी तूच पे," ती म्हणाली.

सहा घरचं पाणी पोटात होतं. मी प्यायलो.